उशिरा पोहोचलेले राजे

बेत साहूर,
गुरुवार, ९ जानेवारी १९९७

प्रिय हिलवे,

ख्रिस्त जन्मला आहे, त्याचा जयजयकार असो. तुझ्या घरी हे अभिवादन आता दोन आठवडे शिळे झाले असेल. लग्न करून तू रोमच्या, लातिन पंचांगाची झालीस आणि पंचवीस डिसेंबरलाच जेवून मोकळी होतेस. आमच्या जुन्या पंचांगाने नाताळ परवा झाला. ईस्टर अजून लांब असताना माझे पत्र आलेले पाहून दचकू नकोस. कुणी गेलेले नाही. मी बरी आहे. उजवा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, त्याखेरीज देहाविषयी कळवण्यासारखे काही नाही.

यंदा आपल्या ऑलिव्हच्या चौदा झाडांनी सात डबे तेल दिले. शेजारच्या उम्म सलीमला नऊ डबे झाले, पण तिच्या तेलाला वास आहे. ती तो मान्य करत नाही. शाळेतून निवृत्त होऊन मला नऊ वर्षे झाली, तरी नाताळचा नाट्यप्रयोग अजून माझ्याच हाती आहे, कारण माझ्यानंतर अरबी शिकवायला आलेल्या बाईंना विभक्तिप्रत्यय आणि उच्चार यांपैकी एका वेळी एकच सांभाळता येते.

त्या प्रयोगाविषयीच लिहायचे आहे. म्हणजे, तिथून सुरुवात करायची आहे.

संहिता माझी आहे, हे तुला ठाऊक आहे. शुद्ध ग्रांथिक भाषेत, स्वरचिन्हांसह. गेली एकतीस वर्षे तीत काना-मात्रेचाही बदल झालेला नाही. पहिला प्रवेश मेंढपाळांचा, त्याच रात्रीचा. दुसरा पूर्वेकडच्या पाहुण्यांचा, बऱ्याच काळानंतरचा. मधे पडदा. मेंढपाळ आणि राजे एकाच वेळी रंगमंचावर दिसता कामा नयेत, हा माझा नियम. गावातली नाताळच्या लाकडी देखाव्यांची दुकाने हा नियम रोज मोडतात, सगळ्यांना एकाच छपराखाली कोंबून परदेशी यात्रेकरूंना विकतात. शुभवर्तमानात राजे म्हटलेलेच नाही. तीन म्हटलेले नाही. उंटांचा तर पत्ताच नाही. काही ज्ञानी माणसे तारा पाहून निघाली आणि पोहोचली तेव्हा तान्हे बाळ गोठ्यात नव्हते, घरात होते. म्हणजे महिने लोटले होते, कदाचित वर्ष.

दर वर्षी मी मुलींना विचारत असे, या पाहुण्यांचा अर्थ काय? कुणी म्हणे, गरीब आणि श्रीमंत. कुणी म्हणे, आपले आणि परके. मी दोन्ही उत्तरांना अर्धेच गुण देई. मला हवे असलेले उत्तर असे होते: जे जवळ होते ते त्याच रात्री धावत आले, रिकाम्या हातांनी पण वेळेवर. जे विद्वान होते ते सोने घेऊन उशिरा आले. आणि आपण, बेत साहूरची माणसे, त्या मेंढपाळांची लेकरे आहोत. त्यांचे कुरण आपल्या गावाखालीच आहे. आपण वेळेवर पोहोचणाऱ्यांच्या वंशातले.

हे उत्तर मी शेकडो मुलींच्या वह्यांत लाल शाईने लिहिले आहे.

बाबांनी कोरलेले राजे तुला आठवतात ना? बाकीचा देखावा बैठकीच्या कोनाड्यात, आणि तिघे राजे पूर्वेकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर, पार टोकाला. नाताळआधीचा उपवास सुरू झाला की रोज एक वीत पुढे. नाताळला कोनाड्यात. तू सहा वर्षांची होतीस. पहाटे अनवाणी उठून त्यांना दोन-दोन विती पुढे ढकलायचीस. मी शाळेची पट्टी घेऊन पुन्हा मागे आणायची. एकदा आपण दोघी त्या मधल्या राजाला दोन बाजूंनी ओढत होतो, तेव्हा बाबा कामावरून उठून आले. दाढीत ऑलिव्हचा भुसा. ते मला म्हणाले होते, "पोहोचू दे गं त्यांना. रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" आणि स्वतःच इतके हसले की त्यांना खोकला आला.

मी हसले नव्हते. माझे माप बरोबर होते.

आता नादियाच्या पत्राविषयी. तुझ्या मुलीने मला पत्र लिहिले आहे, हे तुला तिने सांगितले असेल किंवा नसेल. तिला मुलगा झाला आणि तिने त्याचे नाव बाबांचे ठेवले, इल्यास, हे मला तिच्याकडून समजले, तुझ्याकडून नाही. मी तक्रार करत नाही. दर ईस्टरला मी तुला चार ओळी पाठवते, ज्यांत एकही चूक नसते आणि एकही बातमी नसते. तुझ्याकडून तेवढ्याच ओळी येतात. बातमी कळवण्याइतकी जागा त्यांत कुणी ठेवलेलीच नाही.

पत्र तीस डिसेंबरला मिळाले. अक्षर तुझ्यासारखेच उजवीकडे कलणारे. अरबी मात्र भयंकर. लाल पेन्सिल हातात कधी आली ते मला कळलेही नाही. पहिल्या पानावर सतरा चुका. स्त्रीलिंगी नामाला पुल्लिंगी क्रियापद, हमजाचे चिन्ह कुठेही टेकवलेले, मधेच एक स्पॅनिश शब्द. मी दुरुस्त करत दुसऱ्या पानावर आले आणि एक वाक्य सुधारून झाल्यावर ते पहिल्यांदा वाचले. तिने लिहिले होते: "खाला, मला तुमच्या दाराचा निळा रंग आठवतो. आत काय होते ते मला माहीत नाही."

पेन्सिल मी खाली ठेवली. पत्राची घडी घालून शब्दकोशात ठेवली. आणि प्रयोगाच्या तालमीला निघून गेले, कारण तालमीची वेळ चारची होती.

इथे माझ्या हातून झालेली चूक नोंदवायला हवी. राजांचे मखमली झगे लातिन चर्चच्या मालकीचे आहेत. ते झगे तीन भावांखेरीज कुणी घालत नाही. नळाची कामे करणारे तिघे भाऊ, थोरला तओफीक. त्यांच्या घराण्याचा तो मान आहे, म्हणून झगे हवे असतील तर भाऊही घ्यावे लागतात. दर वर्षी आपला प्रयोग पाच जानेवारीला असतो. यंदा पाचला रविवार आला, सभागृह मोकळे नव्हते. मी प्रयोग सहाला ठेवला, आपल्या नाताळच्या आदल्या दिवशी, आणि सूचना फलकावर लावली. आपल्या चर्चचे पाद्री, अबूना मिखाईल, यांनी मला हळूच विचारले की तओफीकशी बोललात का, सहा तारीख म्हणजे लातिनांचा राजांचा सण. मी त्यांना म्हणाले, "अबूना, लातिनांचं पंचांग बघून मी माझा ख्रिस्त जन्माला घालू का?"

ते बिचारे हसले आणि निघून गेले.

म्हणजे झाले असे, की ज्या दिवशी त्यांचे राजे पोहोचलेले असतात त्या दिवशी आपले बाळ जन्मायचे असते. हा घोटाळा जगात फक्त आपल्या या दोन-तीन टेकड्यांवर होऊ शकतो. एकाच गावात राहून मी तो केला. त्या दिवशी ते तिघे भाऊ झगे घालून प्रत्येक लातिन घरात जातात, दारावर खडूने खूण करतात आणि घरची मंडळी त्यांना खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. मला हे बालपणापासून माहीत आहे. माझ्या वेळापत्रकात त्याला जागा नव्हती, एवढेच.

सोमवारी तीन वाजता पडदा उघडला. सभागृह भरलेले होते. मरियम झाली होती लमीस, बेकरीवाल्याची आठ वर्षांची मुलगी. तिच्या मांडीवर तिचाच चार महिन्यांचा भाऊ, दूध पिऊन गाढ झोपलेला. तिला मी बजावून ठेवले होते की मी सांगेपर्यंत जागेवरून हलायचे नाही, नाक खाजले तरी. मेंढपाळांचा प्रवेश निर्दोष झाला. एका मेंढपाळाने कर्माऐवजी कर्त्याचा प्रत्यय लावला, पण तो आवाजात झाकला गेला. पडदा पडला. राजे नव्हते.

वीस मिनिटे आम्ही थांबलो. मग मी निवेदिकेला समारोपाच्या ओळी वाचायला लावल्या, पूर्वेकडून पाहुणे आले असे जाहीर केले आणि प्रयोग संपवला. एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा राजांशिवाय. मला काय वाटले ते लिहीत नाही. लोक मागच्या टेबलांकडे वळले. बायकांनी करावीया खिरीचे मोठे पातेले आणले होते, वर अक्रोड आणि बदाम. बाळ पाहायला येणाऱ्यांना आपण जी देतो, तीच. तिच्यात दूधतूप नसल्यामुळे उपवासाच्या शेवटच्या दिवशीही चालते. बेथलेहेमची मिरवणूक आटोपून स्काउटांचे पथक परतले होते. बाहेर ढोल आणि मशकबाजा एकमेकांशी न जुळता वाजत होते.

चार वाजून दहा मिनिटांनी तओफीक आत शिरला. मागे दोघे भाऊ. तिघांच्या दाढ्यांना पिठीसाखर लागलेली. मधल्याचा धूप कुठल्याशा घरी राहिला होता, त्याने त्याऐवजी कुणीतरी दिलेला खजुराच्या मामूल बिस्किटांचा डबा छातीशी धरला होता. धाकट्याचा मुकुट कानावर आला होता.

तओफीक सरळ माझ्याकडे आला. सतरा घरे झाली, म्हणाला. प्रत्येक घरी तेच, राजा उपाशी जायचा नाही. "आता राजा म्हणवून घेतलंय, सित्त वदीआ. नको म्हणायला जीभ उचलत नाही."

लोक हसले. मी हसले नाही. मी म्हणाले, "प्रयोग संपला, तओफीक. राजांनी आता घरी जावं."

त्याचा चेहरा पडला. तो पन्नाशीचा गडी आहे, चाळीस लातिन घरांचे आणि तेवढ्याच आपल्या घरांचे नळ त्याच्या हातचे आहेत. त्याने मान हलवली, झग्याचा घोळ उचलला आणि भावांना डोळ्याने दाराकडे चला म्हटले.

तेव्हा रंगमंचावरून आवाज आला. पडदा कुणीतरी अर्धवट सरकवला होता. लमीस अजून तिथेच बसली होती. मी तिला उठ म्हणाले नव्हते, म्हणून ती उठली नव्हती. भाऊ तसाच मांडीवर. ती बोलली ते ग्रांथिक भाषेत नव्हते. बेकरीत गिऱ्हाइकांशी बोलते तसे बोलली.

"अहो, निघालात कुठे? बाळ अजून इथंच आहे की. या ना, बसा. करावीया मिळाली का?"

सभागृहात असा काही हशा पिकला की बाहेरचा ढोल थांबला. तओफीक वळला. तिघे राजे पायऱ्या चढून वर गेले आणि तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. मेंढपाळांची पोरे हातातल्या वाट्यांसकट वर धावली. लमीसने त्यांना दटावले, "सरका की जरा. लांबून आलेत ते." पोरे सरकली. बाळ जागे झाले आणि त्याने मधल्याची दाढी पकडली. पिठीसाखर लागली म्हणून मूठ तोंडात घातली. मधल्याने मामूलचा डबा उघडून मरियमपुढे ठेवला. कुणीतरी वाट्या भरून आणल्या. उम्म सलीमने तर राजाला आपल्या हाताने भरवले, आणि तिचे तेल चांगले आहे असे त्याच्याकडून वदवून घेतले. मशकबाजावाले आत घुसले. मेंढपाळ आणि राजे एकाच छपराखाली, एकमेकांच्या अंगावर, तोंडे भरलेली. माझ्या एकतीस वर्षांच्या नियमाचा चुरा झाला होता आणि इतके आनंदी सभागृह मी माझ्या आयुष्यात पाहिले नव्हते.

मी दाराशी उभी होते. हिलवे, तिथेच मला कळले की तओफीकला ऐकवलेले ते वाक्य मी पूर्वी एकदा बोलले आहे.

आता ते लिहिते. आतापर्यंत जे लिहिले ते याच्यासाठी.

बाबा फेब्रुवारी चौऱ्याहत्तरमध्ये गेले. चाळीस दिवस आपल्या घरात दुखवट्याची कडू कॉफी उकळत होती आणि मी येणाऱ्या प्रत्येकाला ती दिली, उम्म सलीमला दिवसातून दोनदा. चाळीसावा झाला, प्रार्थना झाली, मी भांडी घासून पालथी घातली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तू दारात उभी होतीस. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात नऊ वर्षांची नादिया. सांतियागोहून अम्मान, अम्मानहून सरहद्दीवरचा पूल, पुलावर दोन दिवस कागदांसाठी. तू म्हणालीस, "कागद लवकर होत नाहीत, वदीआ." मला ती सबब वाटली. मी तुला म्हणाले, "कडू कॉफीचे दिवस संपले, हिलवे."

एवढेच. मी दार आपटलेसुद्धा नाही. ते मी शिष्टाचाराने लावून घेतले.

माझे माप बरोबर होते. तीन दिवस.

तू त्या रात्री बेथलेहेमला नन्सच्या अतिथिगृहात राहिलीस. सकाळी बाबांच्या थडग्यावर गेलीस आणि आपल्या घरावरून न जाता, खालच्या रस्त्याने, आपल्या देशी परत गेलीस. ज्ञानी माणसेही दुसऱ्या वाटेने परतली, कारण मागे बाळाच्या जिवावर उठलेला एक माणूस होता ज्याच्या दाराशी पुन्हा जाण्यात धोका होता. ती गोष्ट मी एकतीस वर्षे शिकवली. तीत मी स्वतःला नेहमी मेंढपाळांमध्ये बसवत आले. त्या गोष्टीत मी हेरोद आहे, हे मला सोमवारी चार वाजून दहा मिनिटांनी कळले.

घरी येऊन मी शुभवर्तमानाचा तो अध्याय पुन्हा वाचला, ग्रीकमध्येही वाचला. पाहुण्यांना उशीर झाला होता. त्या घरात कुणीही त्यांना उशिराचे कारण विचारल्याची नोंद नाही. दार उघडले गेले, ते आत आले, त्यांनी बाळ पाहिले. मी त्यांच्या हातातल्या पेट्या मोजत बसले आणि त्यांना आत घेणाऱ्या बाईकडे माझे कधी लक्षच गेले नाही. पुढच्या वर्षी मुलींनी पाहुण्यांचा अर्थ विचारला, तर मी त्यांना बेकरीवर पाठवीन.

त्याच संध्याकाळी मी नादियाचे पत्र शब्दकोशातून काढले. लाल खुणा खोडरबराने पुसल्या. पूर्ण निघाल्या नाहीत. मग पहिल्यापासून वाचले. तिने लिहिले आहे की तू दर वर्षी खिडकीत तीन चमचे ओळीने मांडतेस, रोज पुढे सरकवतेस, आणि कारण विचारले तर सांगत नाहीस. ते वाचून मी मोठ्याने हसले, एकटी, स्वयंपाकघरात. चमचे. बाबांना खोकला येईपर्यंत हसू आले असते.

तर बातमी अशी. काल मी तिकीट काढले. पूल, अम्मान, फ्रांकफुर्ट, सांतियागो. मी विमानात कधी बसलेली नाही. उम्म सलीम म्हणते, "ढगात तुझ्या चुका काढायला कुणी सापडायचं नाही, वदीआ, जपून." तओफीक मला पुलापर्यंत त्याच्या गाडीतून सोडणार आहे. मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला की त्याने मनाला लावून घेतले नव्हते, फक्त भूक मेली होती. पुढच्या वर्षीचा प्रयोग कोणत्या तारखेला ठेवायचा ते तो आणि अबूना मिखाईल ठरवतील. मी फक्त उच्चार पाहीन.

इल्यासचे चाळीस दिवस एकवीस जानेवारीला भरतात. मी त्याआधी पोहोचावे म्हणून फार खटपट केली. व्हिसाच्या खिडकीतल्या मुलीने सांगितले की एकोणतीसच्या आत शक्य नाही. कागद लवकर होत नाहीत, म्हणाली. मी तिचे व्याकरण सुधारले नाही. तिचे वाक्य निर्दोष होते. मी ते आधी ऐकलेले होते.

म्हणजे तू तीन दिवस उशिरा आली होतीस. मी आठ दिवस उशिरा येते आहे, आणि त्यावर तेवीस वर्षे.

तिघे राजे सोबत आणते आहे. बाबांच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळले आहेत. मधल्याच्या डाव्या बाजूला आपल्या ओढाओढीत गेलेला टवका तसाच आहे. त्यांना तुझ्या खिडकीत तू कुठेही ठेव, हवे तितके पुढे ढकल. पट्टी मी आणत नाही.

नादियाला सांग की आत एक बैठक होती, तिच्यात एक कोनाडा, आणि तिच्या आजोबांनी तिच्यासाठी कोरून ठेवलेले एक मेंढरू. ते मी तेवीस वर्षे पुसून जागेवर ठेवत आले. तेही घेऊन येते आहे, ते तिचे आहे.

एकोणतीस तारखेला, बुधवारी, मी तुझ्या दाराशी असेन. तुमच्याकडे, पृथ्वीच्या खालच्या टोकाला, तेव्हा भर उन्हाळा असेल आणि करावीयाचे पातेले घासून पालथे घातलेले असेल, हे मला कळते. नवी करायला लावू नकोस. कडू कॉफी असेल तर ती दे. ती तुझ्या हातून प्यायची राहून गेली आहे, आणि तुला द्यायचीही.

बाबांच्या पणतूला दोन्ही गालांवर पापे. बाळ अजून तिथेच आहे ना?

वाटेला लागलेली, उशीर झालेली तुझी बहीण,
वदीआ